बोलावणं

सकाळी सहा पंचेचाळीसला झिवान मालेशेव बेलग्रेडमध्ये सावा नदीच्या काठावर दुर्बिणीची तिपाई गोठलेल्या मातीत रोवत होता आणि डाव्या हाताने खिशातला फोन चाचपत होता. समोरच्या वाळुंजाच्या झाडांवर रात्रभर बसलेले छोटे पाणकावळे उठायला लागले होते. दहावीस एकदम उठत, पाण्यावरून खाली झेपावत आणि पुलापलीकडे दिसेनासे होत.

"किती सुंदर," मार्येता म्हणाली. ती आणि तिचा नवरा त्सिरिल स्लोव्हेनियातले निवृत्त शिक्षक. त्यांना तीन दिवसांत शहरंही पाहायची होती आणि पाखरंही.

"सुंदर आहेत," झिवान म्हणाला. "गेले की आपणही निघू."

झिवान उत्तरेकडच्या किकिंदा गावचा. पूर्वी कौलांच्या कारखान्यात मालमोटार चालवायचा, आता स्वतःची आठ जणांची गाडी. किकिंदाच्या चौकातल्या झाडांवर थंडीत कानवाली घुबडं शेकड्यांनी येऊन बसतात. ती पाहायला माणसं येतात आणि त्या माणसांवर त्याचा हिवाळा निघतो. पण एकोणीस डिसेंबरला तो कधी गाडी काढत नसे. त्या दिवशी संत निकोलाचा सण, आणि निकोला हा मालेशेव घराण्याचा संत. ज्याच्या त्याच्या घरच्या संताचा हा दिवस, त्याला स्लावा म्हणतात. घरधन्याने मेणबत्ती लावायची, पाहुण्यासोबत गोल पाव फिरवून कापायचा आणि दार उघडं ठेवायचं. बोलावणं कोणालाच नसतं. ज्याला यायचं तो येतो.

गेली बावीस वर्षं पावाला दुसरा हात तोझाचा असे. तोझा झिवानचा कुम, त्याच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला उभा राहिलेला. कुम म्हणजे सख्ख्या भावापेक्षा वरचा. राहायला गल्लीच्या टोकाला. फेब्रुवारीत तोझाने अंगणातलं सुरूचं झाड तोडलं. त्यावर घुबडं बसायची आणि खाली उभी असलेली त्याची गाडी रोज पांढरी व्हायची. गावच्या बातमीदाराने झिवानला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "काही लोकांना जिवापेक्षा गाडीचा पत्रा प्यारा." नाव छापलं नव्हतं. किकिंदात नाव छापावं लागत नाही.

तेव्हापासून तोझा बोलत नव्हता. डिसेंबर उजाडला तशी झिवानची झोप उडाली आणि एके दिवशी त्याने फोनवर चार ओळी लिहून धाडल्या : कुम, एकोणीसला स्लावा आहे, अवश्य यावे.

बायकोने, देसांकाने, ते वाचलं आणि कणकेचे हात तसेच धरून ती उभी राहिली. "कुमाला बोलावणं धाडलंस? मग तो कोण, परका? त्यापेक्षा थोबाडीत द्यायची होतीस."

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी स्लोव्हेनियाच्या पाहुण्यांचा फोन आला आणि झिवान हो म्हणून बसला. रिकाम्या खुर्चीसमोर दिवस काढण्यापेक्षा रस्ता बरा. दीडपर्यंत घरी येतो, असं त्याने देसांकाला सांगितलं होतं. उजेड असेतो पाव कापायचा, ही त्यांच्या घरची रीत.

पाणकावळे गेले, पण मार्येताला किल्ला बघायचा होता. किल्ल्यावर तिने प्रत्येक बुरूज पाहिला. झिवान फाटकाशी येरझाऱ्या घालत राहिला. पहारेकऱ्याने विचारलं, "कोणी बाळंत होतंय का?"

वाटेतल्या झ्रेन्यानिनला पोचेपर्यंत बारा वाजून गेले. खालची नदी बुजवून टाकली तरी तिथला पूल तसाच उभा आहे. मार्येता तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, मग परत आली.

"खाली पाणी नाही," त्सिरिल म्हणाला.

"तेच बघतेय," ती म्हणाली.

फोन वाजला. देसांका.

"आला?" झिवानने विचारलं.

"शेजारचे आले. तुझी मावशी आली. सगळे कार्प माशाकडे बघत बसलेत."

"आणि तो?"

"तो नाही. मेणबत्ती मी लावलेली नाही, सांगून ठेवते. ती घरधन्याने लावायची. आमच्या घरात आहे म्हणतात एक."

पुढच्या रस्त्यावर झिवानने गाडी अशी हाणली की शेतातला बाज मार्येताला नीट दिसलाच नाही. तिने थांबायला सांगितलं. तो थांबला, पण इंजिन चालू ठेवून.

"तुमचं काहीतरी बिनसलंय," ती म्हणाली.

"आज माझी स्लावा आहे, बाई."

मार्येताने दुर्बीण मांडीवर ठेवली. "आणि तुम्ही आम्हाला पूल दाखवताय? चला आधी."

पण किकिंदाच्या चौकातून गेल्याशिवाय घर येत नाही, आणि घुबडं तर ठरलेलीच होती. पावणेतीनला त्याने चर्चजवळ गाडी लावली. "पाच मिनिटं," तो म्हणाला. भूर्जाच्या उघड्या फांद्यांवर घुबडं ताठ बसली होती, कान उभारून, डोळे मिटून. त्सिरिलने एकेक झाड बघायला सुरुवात केली आणि तिसऱ्या झाडावर न पोचताच दुर्बीण खाली आणली.

"त्या झाडाखाली एक माणूस आहे. घुबडांना शिव्या देतोय."

केसाळ टोपी, काखेत कागदात गुंडाळलेली बाटली. तोझा. झिवान गेला आणि त्याच्यापासून दोन हात अंतरावर उभा राहिला.

"तू घरात का नाहीस?" तोझा म्हणाला.

"तू का नाहीस?"

"दोनदा येऊन गेलो दारापर्यंत. तुझी गाडी नाही. घरधनी नाही त्या घरी जाऊन काय करू, देसांकाला मेणबत्ती लावायला लावू?" त्याने बाटली दुसऱ्या काखेत घेतली. "आणि मला बोलावणं धाडतोस? मी कोण, मीटर बघायला येणारा?"

"चुकलं."

"पेपरात बोलतोस, फोनवर लिहितोस. दहा महिने गल्लीतून रोज दोनदा जातोस ते तोंड शिवून."

"तूही तसाच जातोस."

"मला राग आलाय. तुला कसला?"

मागून मार्येता आली आणि तोझाच्या खांद्यावरचा पांढरा डाग बघून तिने कागदी रुमाल पुढे केला. तोझाने तो घेतला नाही.

"राहू दे, बाई. डाग याला दाखवायला ठेवलाय."

घरी मेणबत्ती लागली तेव्हा खिडकीतला उजेड उतरायला लागला होता. पाहुणे उभे राहिले. झिवानने आणि तोझाने पाव चार हातांनी फिरवला, तळाला आडवा-उभा कापला, त्यावर वाइन ओतली आणि मोडला. मोडताना तोझा हळूच म्हणाला, "झाड परत लावणार नाही, आत्ताच सांगतो."

"लाव म्हटलं का मी?"

"म्हणशील. तुझा भरवसा नाही."

मार्येता न बोलावता आली म्हणून मावशीने तिला सगळ्यात आधी मासा वाढला. स्लावाला घरधन्याने बसायचं नसतं, म्हणून झिवान शेवटपर्यंत बसला नाही. उभाच राहिला, आणि सवयीने त्याचा एक पाय दाराकडेच होता.

जाताना तोझाने टोपी घातली. "उद्या किती वाजता काढतोस गाडी?"

"सव्वासहाला. त्यांना हॉटेलवरून घ्यायचंय, घुबडं परतताना दाखवायला."

"उगाच माझ्या खिडकीखाली इंजिन गरम करत बसू नकोस."

घुबडं रात्री शिकारीला जातात आणि उजाडायच्या आत चौकात परततात. उद्या वीस डिसेंबर. किकिंदात सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवेल.