ती फ्रिक्वेन्सी रिकामी नव्हती

मोहन गेल्याचं सुषमावहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी प्रभादेवीला चष्म्याच्या दुकानात होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच. चष्मा तिथेच टाकून निघालो. त्याला आता महिना झाला...

मोहन आणि मी एकाच इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवायचो. संशोधनाचा विषयही एकच, आधी ऐकणारा आणि मगच बोलणारा रेडिओ. एखादी फ्रिक्वेन्सी तिचा मूळ मालक वापरत नसेल, तर तेवढा वेळ हा रेडिओ ती वापरतो. मालक आला की गुपचूप बाजूला होतो. सगळी मदार ऐकण्यावर. लालबागला मोहनच्या चाळीच्या गच्चीवर अँटेना लावून आम्ही मोजमापं घेतली, शोधनिबंध लिहिला, तो छापायला स्वीकारलाही गेला. माझी बढती त्या निबंधावरच अडली होती.

आणि एका दुपारी, गच्चीवरचं यंत्र 'रिकामी' दाखवत असताना मोहन चहा सांगायला खाली उतरला. तळमजल्यावर बायकांचं भजन चाललेलं, बिनवायरच्या माईकवर. हातातला छोटा रिसीव्हर जवळ नेला तर माईक नेमका त्याच फ्रिक्वेन्सीवर! भिंतींमुळे त्याचा सिग्नल गच्चीपर्यंत पोचतच नव्हता. आम्ही त्यावर बोलायला लागलो असतो तर भजनाचा पार विचका झाला असता.

"निबंध मागे घेऊ," मोहन म्हणाला.

"अरे, एका भजनी मंडळासाठी?"

चिडला की तो मालवणीवर यायचा. "मेल्या, मालक घरात आसा नि आपण घर रिकामा म्हणतव?"

मी ऐकलं नाही. त्याने स्वतःचं नाव तेवढं काढून घेतलं. निबंध माझ्या एकट्याच्या नावावर छापून आला, बढतीही मिळाली. तो मात्र चाळीच्या प्रत्येक मजल्यावर रिसीव्हर ठेवून, फ्रिक्वेन्सी रिकामी आहे की नाही हे त्यांनी एकमेकांना विचारूनच ठरवावं, यात डोकं घालत बसला. आमचं बोलणं 'काय, बरं आहे ना' एवढ्यावर आलं. हा माझ्यामागे काय काय सांगत असेल, असं मला वाटायचं. विचारलं कधीच नाही. ताठा, दुसरं काय.

त्याचा वर्ग आता माझ्याकडे आला, म्हणून तेराव्यानंतर वहिनींनी त्याची शिकवायची फाइल मला दिली. आत माझ्याच निबंधाची झेरॉक्स. खाली मोहनच्या अक्षरात, 'हे यंत्र कुठे चुकलं? दुरुस्त करा.' दरवर्षी मुलांना हाच स्वाध्याय होता. वर माझ्या नावावर पांढरी पट्टी चिकटवलेली... मुलांनी मला हसू नये म्हणून. मला लाज वाटली. त्याच्याशी बोलावंसंही फार वाटलं.

निबंध मागे घेत असल्याचं पत्र मी पाठवलंय. गेल्या आठवड्यात तोच कागद वर्गात वाटला, पट्टी काढून. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, हे तुम्हीच का?"

"मीच," म्हटलं. "चूक शोधा."