भरीत खाऊन मोडलेला साखरपुडा

कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा वास आला की मला धरणगावच्या घरातला माझा न झालेला साखरपुडा आठवतो. मी नको म्हणत असताना वडिलांनी दुबईतला मुलगा ठरवला, म्हणून मी गुपचूप महिला हेल्पलाइनला फोन केला होता. साखरपुड्याच्या दिवशी तिथून आलेल्या दोन मॅडमना मुलाकडच्या समजून वडिलांनी थेट पंगतीत बसवलं. त्या काही सांगू लागल्या की वडील "बठ्ठं मंग, आधी जेवी ल्या!" म्हणत सगळं बोलणं नंतरवर ढकलत आणि आणखी भरीत वाढत. शेवटी पुरीने ताट पुसून मोठ्या मॅडम मला म्हणाल्या, "भरीत झकास शे. आते सांग, तुले लगीन करनं शे का?" वडिलांचा वाढता हात तिथेच थांबला. "नही!" मी ओरडलेच. मॅडमनी हेल्पलाइनचं ओळखपत्र काढलं आणि साखरपुडा त्याच पंगतीत मोडला. हल्ली वडील अनोळखी पाहुण्याला आधी गाव विचारतात, मग वाढतात; आणि स्थळ आलं, तर आधी मला विचारतात.