एल्साबाईंच्या परवान्याची पाठवणी

पाहुणीला निरोप द्यायला स्टेशनावर गेलेली बाई स्वतःच परमुलखातली ठरली, असं कधी ऐकलंय का तुम्ही? नसेल ऐकलं, तर ती बाई तुमच्यासमोर बसली आहे. हसा खुशाल, पण चहा निवू देऊ नका. थोडं लांबेल हे.

गोष्ट महाराजांच्या राज्यातली. गाठीच्या तापाची, म्हणजे प्लेगची, साथ ओसरली होती, पण बाहेरून गाडीनं कोल्हापुरात उतरणाऱ्याला स्टेशनावर कागद दाखवावा लागे. कागद नसेल तर शेजारच्या पत्र्याच्या शेडात मुक्काम. डॉक्टरसाहेब येऊन तपासणार, कुणीतरी ओळख देणार, मगच सुटका.

मंगळवार पेठेत आमच्या माडीवर तेव्हा एल्साबाई राहायच्या. डेन्मार्क नावाच्या देशातल्या विदुषी. आपल्या बायकांची झिम्मा-फुगडीची गाणी उतरवून घ्यायला आल्या होत्या. मराठी शिकल्या पुस्तकातून. त्यामुळं बोलायच्या कशा, तर "आक्का, आमटीत मीठ किंचित अल्प आहे."

त्यांचा परवाना होता प्रवाशाचा, आणि तो संपत आलेला. नागपंचमी महिन्यावर आली होती. पंचमीलाच बाई इथं नसतील, तर गाणी ऐकणार कुणाची? तो परवाना अभ्यासकाचा करून घ्यायला हवा होता. मी मनाशी ठरवलं, बाईंची पंचमी कोल्हापुरातच होणार. त्यांच्याबरोबर कचेरीत इतक्या खेपा घातल्या, की आम्ही दारात दिसलो की कारकून आधी पागोटं सारखं करून घ्यायचा. शेवटी नवा कागद मिळाला. पण त्यात एक मेख होती. राज्यात बसून परवाना बदलत नाही. हद्दीबाहेर जायचं आणि नवा कागद दाखवून पुन्हा आत यायचं.

"सोपं हाय की," कारकून म्हणाला. "सकाळच्या गाडीनं मिरजेला जावा. त्ये दुसऱ्याचं संस्थान. फलाटावर घटकाभर बसा आन् दुपारच्या गाडीनं माघारी या."

इथवर सगळं सुरळीत होतं. पुढं माझी हौस आडवी आली.

आता मला सांगा, घरातली बाई प्रवासाला निघाली, तिला रिकाम्या ओटीनं उंबरा ओलांडू द्यायचा? मला नाही जमत. मी खण-नारळानं बाईंची ओटी भरली. शिदोरी बांधली, दशम्या आणि खर्डा. शेजारच्या हुसेनबी मणेरणीला म्हटलं, हातात दोन बांगड्या भर. तिनं कोपरापर्यंत भरल्या.

आणि ओटी भरलेली बाई दारात दिसली की गल्ली एकच समजते. चालली. बघता बघता सगळी आळी गोळा झाली.

"आक्का, जाती व्हय गं मडम?"

"दुपारी परत येणार आहेत."

"आसंच म्हणत्यात समद्या," हुसेनबी डोळे पुसत म्हणाली. "माझी भैनबी आसंच सांगून गेल्ती हैदराबादला. अजून वाट बघतीया मी."

एल्साबाई शांतपणे म्हणाल्या, "भगिनींनो, मी खरोखरच दुपारी परत येणार आहे."

झालं. जाताजाता बाई आपल्याला धीर देतेय म्हणून बायकांना जास्तच उमाळा आला. कुणी पापड आणले, कुणी लोणचं, एकीनं तर वाकळ आणली. थंडी असते म्हणे तिकडं. सगळी वरात शाहूपुरीतून स्टेशनाकडं निघाली.

नवा परवाना कुठं हरवायला नको म्हणून मी पदराच्या गाठीत बांधला होता. बाईमाणसाच्या पदराइतकी भरवशाची जागा नाही, असं माझं मत. अजूनही आहे.

फाटकावरच्या जमादारानं विचारलं, "काय वो, मडमेला सासरी धाडताय?"

"कायमची चालली वो जमादार," बायका एका सुरात म्हणाल्या. बिचाऱ्यानं उपरण्यानं डोळे टिपले.

बाई दुपारी परत येणार हे मला पक्कं ठाऊक होतं. पण चारी बाजूंनी बायका हुंदके देत असताना एकटीनं कोरडं राहायचं कसं? सगळ्यांत मोठ्यानं मीच रडत होते.

गाडीनं शिट्टी दिली आणि माझा हात पदराच्या गाठीवर गेला. कागद! कागदाशिवाय बाई परत येणार कशा? गाडी हलत होती. मी धावले, पायरीवर चढले, आत शिरले आणि गाठ सोडायला लागले. डोळ्यांच्या पाण्यानं भिजून ती दगडासारखी झालेली. सुटेचना. तोवर फलाट मागं पडला.

"आक्काबी चालली गं," कुणीतरी ओरडलं. मागून रडण्याचा नवा कल्लोळ ऐकू आला.

एल्साबाईंनी मला बसायला जागा करून दिली. म्हणाल्या, "आक्का, आपणही परवाना बदलणार आहात काय?"

मिरजेला गाठ एकदाची सुटली, आणि माझं तिकीटही त्यांनीच काढलं. दुपारच्या गाडीनं आम्ही माघारी आलो. जमादारानं त्यांचा नवा कागद बघितला, शिक्का मारला. "या मडमबाई, आत या." मग माझ्याकडं वळला. "कागद?"

"जमादार, सकाळी मला बघितलंत ना तुम्ही?"

"बघिटलं की. जाताना बघिटलं. आता परमुलखातनं आलायसा."

"अहो, मी इथलीच. माहेर शिवाजी पेठ, सासर मंगळवार पेठ."

"आसंल. तुमच्या लग्नाला मी न्हवतो."

"पेठेतल्या बायकांना विचारा. कुणीही सांगेल."

"त्यास्नी? सकाळी सगळ्यांनी मिळून सांगिटलं, मडम कायमची चालली. मडम तर हितं हुबी हाय. त्या पेठेची साक्ष आता मी घेत न्हाय."

मालक पेरणीला गावाकडं गेलेले. दुसरं कोण ओळख देणार?

"हितं ऱ्हायाचा कागद ज्येच्यापाशी हाय, त्येनं सकाळी साह्यबापुढं ओळख द्यायाची," जमादार म्हणाला. "तवर बसा शेडात."

एल्साबाई माझ्याजवळ थांबायला निघाल्या. मी मात्र ठाम सांगितलं, "तुम्ही घरी जा. एवढ्या खटपटीनं आत आलाय, आता पंचमी होईपर्यंत बाहेर पाऊल टाकायचं नाही." त्यांनी शिदोरी माझ्या हातात दिली आणि टांग्यात बसल्या.

संध्याकाळी शेडात बसून मी ती उघडली. खर्डा फार तिखट झाला होता. डोळ्यांना पाणी आलं, ते खर्ड्याचंच धरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी एल्साबाई आल्या. डॉक्टरसाहेबांपुढं आपला नवा परवाना ठेवून त्यांनी सांगितलं, "ही स्त्री माझ्या परिचयाची असून मंगळवार पेठेत मजसमवेत राहते." मग सही केली आणि मला माझ्याच घरी घेऊन गेल्या.