अण्णांचे जाळीचे पिंजरे

डॉ. माधवराव इंगळे, म्हणजे आम्हां सर्वांचे अण्णा, यंदा साठ वर्षांचे झाले. त्यांची माझी पहिली भेट प्राणिगृहात झाली. शाळेतल्या शिक्षिकेच्या नोकरीतून तीन वर्षांची रजा काढून मी बेळगावहून बंगळूरला अण्णांच्या हाताखाली संशोधनासाठी आले होते. अण्णांनी माझे गुणपत्रक पाहिलेच नाही. माझ्या हाती ब्रश देऊन ते म्हणाले, "वहीत जो लिहील, त्यानं पिंजराही धुवावा." ते स्वतः शेजारचा पिंजरा घासत होते.

माझा विषय होता उंदरांच्या आतड्यांतले जंतू. ते जातीप्रमाणे बदलतात का, नर-मादीप्रमाणे बदलतात का? पांढरे आणि काळ्या डोक्याचे, अशा दोन जातींवर मी अडीच वर्षे काम केले. फरक सुरेख दिसत होता. प्रबंध टंकलेखनाला द्यायचा, तोच प्राणिगृह सांभाळणारे मुनियप्पा सहज म्हणाले, "अक्का, एका पिंजऱ्यातले उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात. मग साऱ्यांचं पोट एकच की."

मी हातातला ब्रश तसाच धरून उभी राहिले. नर एका पिंजऱ्यात, माद्या दुसऱ्यात, जातीही वेगवेगळ्या ठेवलेल्या. मग मी मोजला तो फरक उंदरांचा, की पिंजऱ्यांचा? रजेचे सहाच महिने उरले होते. विभागाच्या बैठकीत कुणीतरी हसून मला पुन्हा खडू-फळ्याची सवय करायला सुचवले. अण्णा उठले. प्रयोगाची मांडणी आपण एकट्याने ठरवली होती, तेव्हा चूक आपली, एवढेच सांगून बसले. खरे तर ती आम्ही दोघांनी ठरवली होती.

दुसऱ्या दिवशी ते चिकपेटेच्या बाजारातून तारेची जाळी घेऊन आले. लेंडी खाली पडून जावी म्हणून जाळीच्या तळाचे, एकेका उंदरापुरते पिंजरे आम्ही तिघांनी बांधले आणि दूध तुटलेली पिल्ले त्यांत वेगवेगळी ठेवली. तार लागून अण्णांच्या बोटांना बांधलेल्या चिंध्या मला अजून दिसतात.

पाच महिन्यांनी आकडे मांडले. बराचसा फरक नाहीसा झाला होता. पण नर-मादींतला थोडा टिकला होता, आणि दोन्ही जातींत तो सारखा नव्हता. अण्णांनी वही दोनदा तपासली, चष्मा पुसला.

"स्वल्प उरलं, पण खरं उरलं," ते म्हणाले.

त्या दुपारी बसवनगुडीतल्या खोलीवर जाऊन मी गाढ झोपले. कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदाच.

प्रबंध पातळ झाला. त्याच्या पहिल्याच पानावर मुनियप्पांचे आभार असावेत, हा अण्णांचा आग्रह. आज माझ्या विद्यार्थिनी आपली चूक सांगायला येतात, तेव्हा दारात घुटमळत नाहीत. त्यांना असे वागवणे मी अण्णांकडून शिकले.

अण्णांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. परवा प्राणिगृहात डोकावले, तर नव्या मुलीशेजारी बसून ते पिंजरा घासत होते. त्यांचे हात असेच ओले राहोत.