वर्ल्ड टूरचा शेवटचा शो, नांदूरघाट

एका रविवारी सकाळी चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात नांदूरघाटहून सासऱ्यांचा फोन आला. "पाव्हणं, तुमच्या त्या बँडवाल्यांना तिखट चालतंय का? कावून की मटण गावातच करायचं हाय."

कोणते बँडवाले... मग डोक्यात प्रकाश पडला आणि चहा तसाच खाली ठेवला.

माझा आवडता इंग्लंडचा रॉक बँड फुटून जमाना झाला. ते पुन्हा एकत्र आले तर, म्हणून रिकामपणी मी त्यांच्या वर्ल्ड टूरचं पोस्टर बनवलं होतं. लंडन, टोकियो, सिडनी... आणि शेवटचा शो नांदूरघाटच्या यात्रेत. सासरवाडीच्या ग्रुपवर टाकलं आणि विसरून गेलो.

अण्णा, म्हणजे माझे सासरे, यात्रा कमिटीचे अध्यक्ष. जावयानं बँड ठरवला म्हणून त्यांनी गावभर सांगितलं आणि दरवर्षीच्या ऑर्केस्ट्राला नको म्हणून कळवलंसुद्धा. यात्रा तर तोंडावर आलेली.

अण्णांचा शब्द गावात आजवर कधी खाली पडला नव्हता. माझ्या टवाळकीपायी तो पडणार, हे सहन होईना. अंबाजोगाईहून गाडी काढली, थेट त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं.

अण्णांनी कातरलेली सुपारी तोंडात टाकली. मग म्हणाले, "तुमी कॉलेजात वाजवत व्हता ना? ती गिटार हाय, का इकली?"

गिटार कपाटावर धूळ खात होती. तेव्हाचे दोन मित्र मात्र एका फोनवर आले. एकाचं आता मेडिकल आहे, दुसरा शाळेत शिकवतो. पोटं सुटलेली, हात विसरलेले, पण मेडिकलच्या गोडाऊनमध्ये आम्ही जीव तोडून प्रॅक्टिस केली.

यात्रेच्या संध्याकाळी मंडप खच्चून भरला. सगळे परदेशी पाहुण्यांची वाट बघतायत... मी आपला गिटारच्या तारा पुन्हा पुन्हा जुळवत राहिलो.

अण्णांनी माईक घेतला. "बाहेरचे लोक येणार न्हाईत. पोस्टर समजून घ्यायला मी चुकलो, जावयाचा काही दोष न्हाई. आता ते वाजवतेत, ऐका." आणि खाली पहिल्या रांगेत जाऊन बसले.

थोडी कुजबुज झाली, पण उठून कुणी गेलं नाही. पहिलं गाणं आमचं मध्येच चुकलं, आम्ही तिघं एकमेकांकडे बघत थांबलो... आणि अण्णांना वाटलं गाणं संपलं. त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. मग अख्ख्या मंडपानं वाजवल्या.

माझी चूक त्यांनी भर गावात स्वतःच्या अंगावर घेतली आणि घरी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. असा सासरा मिळाला, अजून काय पाहिजे...