तात्या विचारून पुसायचे

बारामतीचे तात्या माणसाचा खोकलासुद्धा त्याला विचारल्याशिवाय पुसत नसत. भिगवण रस्त्याला एका गाळ्यात त्यांचा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे भिंतींना ठोकलेली पोती, एक माईक आणि एक कॉम्प्युटर. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या भागात गाणं कॉम्प्युटरवर धरणारे तेवढेच. माझे वडील, दादा, इंदापुरात शिक्षक होते आणि जयंतीला गायन पार्टी घेऊन गावोगाव गायचे. त्यांची कॅसेट तात्यांकडेच व्हायची.

कॉम्प्युटरमध्ये जागा थोडी. एक कडवं सहा वेळा गायलं की सहा फायली साठायच्या. म्हणून गाणं झालं की तात्या सफाई करायचे. मधे घुसलेला उसाच्या ट्रॅक्टरवरच्या टेपचा आवाज कापायचे, पंख्याची घरघर उतरवायचे आणि मग फसलेली एकेक फाईल ऐकवून विचारायचे, "गुरुजी, ही पुसू?"

दादा वैतागायचे. "पुसा की तात्या. बेसूर हाय ती."

"आसंल. पर आवाज तुमचा हाय. तुमी म्हनल्याबिगर न्हाय पुसायचा."

असा चिकट माणूस मी दुसरा पाहिला नाही.

कॅसेट अर्धी झाली आणि दादा गेले. छातीचं दुखणं होतं, आम्हाला फार उशिरा कळलं. शेवटच्या गाण्यांची सफाई राहिली होती, त्यात तात्यांचा कॉम्प्युटर भरून गेला. वालचंदनगरच्या एका भजनी मंडळाला त्यांनी दोनदा परत पाठवलं, पण दादांच्या फायलींना हात लावला नाही. शेवटी एसटीने आमच्या घरी आले. "वहिनी, आता गुरुजींच्या जागी तुमीच. काय ठिवायचं ते येऊन सांगा."

आई आणि मी सकाळीच गेलो. चांगली गाणी ठेवली. खोकल्याच्या फायली लागल्या तशी आई म्हणाली, "पुसा. त्यो म्या घरी लय ऐकलाय." तात्या पुसत गेले.

शेवटची फाईल लावायला त्यांनी वेळ घेतला. तीत दादा खोकले, थांबले आणि हळूच म्हणाले, "तात्या, रगत पडतंय. घरी बोलू नका." मग तात्यांचा आवाज आला, "बरं."

ही फाईल ते गुपचूप पुसू शकले असते. कुणाला कळणार होतं? मला त्यांचा भयंकर राग आला, तो आजही पुरता गेलेला नाही. पण दुसऱ्या कुणी ती आम्हाला ऐकवली नसती, हेही तितकंच खरं.

आई म्हणाली, "तवाच सांगितलं आसतं, तर पुण्याला न्हेलं आसतं, भावजी."

"व्हय, वहिनी," तात्या म्हणाले. सबब एकही सांगितली नाही. ती फाईल पुसू का, हेही विचारलं नाही.

स्टँडवर ते आम्हाला सोडायला आले. पुढे वर्षभरात तेही गेले, त्यामुळे ती आमची शेवटचीच भेट. स्टुडिओतून निघाल्यापासून आई त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. गाडी हलली तशी ती खिडकीतून वाकली.

"भावजी, सकाळधरनं काय खाल्लं न्हाय तुमी. घरी जाऊन जेवून घ्या."