घरी शिवलेल्या नावेतून सिद्धेश्वर धरणावर

मला अक्षर वाचता येत नाही, पण तोंड बंद ठेवणं त्याहून अवघड. म्हणून मी बोलते आणि माझी सून सुनंदा फोनवर लिहिते. माझ्या शिव्या ती गाळते, त्यामुळं हे थोडं सपक लागेल.

आमचं जायचं ठरलं ते एका पैजेवरून. नात वैशू कोकणात यॉट बांधायच्या कारखान्यात कामाला. दिवाळीला घरी आली तर तिचा बाप, म्हणजे माझा किसन, अडून बसला. "आता परत जायचं न्हाई. पाण्यावरचा धंदा, त्याचा काय भरवसा?"

वैशू त्याचीच पोरगी. म्हणाली, "अप्पा, मी हितंच एक नाव बांधते. तुमी बसा. कोरडे परत आलात तर मी जाणार. भिजलात तर राहिले."

किसननं लगेच तिच्या हातावर टाळी दिली.

मग महिनाभर आमच्या हळदीच्या शेडमध्ये ठोकाठोक. मी रोज खाट टाकून बघायला. यॉट म्हणजे हौसेची नाव, एवढं मला पहिल्या दिवशीच कळलं. माल वाहायचा नाही, मासे धरायचे नाहीत, नुसतं मिरवायचं. काही शिडाच्या, वाऱ्यावर चालतात. काही डिझेल इंजिनाच्या, त्यांचा पंखा मागं पाण्याखाली फिरतो. आता बॅटरीवरच्याही निघाल्यात, वर सोलरच्या पाट्या, आपल्या विहिरीवरच्या पंपाला असतात तशा. एक असते कॅटमरान, तिला दोन अंगं आणि मधे माचा, जणू जू ठेवलेली बैलजोडी. मोठ्या नावा साच्यात घडवतात. काचेच्या धाग्यांचं कापड अंथरायचं, वर चिकट रेझिन ओतायचं, पुन्हा कापड, पुन्हा रेझिन. वाळलं की साच्यातून अख्खी नाव निघते, इडलीसारखी.

आमची मात्र शिवलेली. प्लायवूडच्या फळ्यांना कडेनं भोकं पाडून वैशूनं त्या तांब्याच्या तारेनं टाचल्या, सांध्यांवर तेच काचेचं कापड चिकटवलं, मग तारा ओढून काढल्या. मी म्हटलं, "अगं, ही तर गोधडी झाली!"

"व्हय आज्जी, पण पाणी न पिणारी."

परवानगी काढून एका गुरुवारी सकाळी निघालो. नाव टेम्पोत, किसन तिच्याशेजारी तोंड फुगवून, आम्ही तिघी जीपमध्ये. औंढ्याला थांबून पोहे खाल्ले, वीस रुपये प्लेट, वर शेव मागाल तितकी. जाणाऱ्यांनी पोटभर खाऊन घ्यावं, धरणाच्या काठावर चहाशिवाय काही मिळालं नाही. पुढचा रस्ता शेवटी शेवटी असा की माझी कवळी स्वतःच बोलायला लागली.

आणि पाणी! बाई गं, एवढं पाणी एका जागी गप्प बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. अंगात नारंगी जाकीट घातलं, लुगडं खोचलं आणि बसले. सुनंदा काठावर, फोटो काढायला.

शीड फुगलं आणि नाव अशी सुटली की मी किंचाळलेच. इंजिन नाही, धूर नाही, आवाज फक्त माझा! नावेच्या मधोमध एका फटीतून एक फळी खाली पाण्यात उतरवलेली होती. वारा आडवा ढकलतो, तेव्हा नाव घसरू नये म्हणून ती. वैशूनं ती बापाच्या हवाली केली. "अप्पा, हिला फक्त धरून बसा."

जरा वेळानं वैशू ओरडली, "वळतेय, डोकी खाली!"

वळतेय म्हटल्याबरोबर किसननं दोन्ही हातांनी फळी वर उपसली. जन्मभर वखर हाकलेला माणूस. शेताच्या कडेला, धुऱ्यावर आलं की वखर उचलायचा, बैल वळवायचे, पुन्हा टेकवायचा.

"अप्पा, फळी खाली!"

"वळल्यावर टेकवतो की!"

नाव वळलीच नाही. निसरड्यावर पाय घसरावा तशी आडवी सरकत थेट बुडालेल्या बाभळींत जाऊन बसली. काठावरून जाळं विणणारे एक भोई मामा ओरडले, "पाव्हणं, लाकडं तोडाया निघालात का?"

मी हसून हसून आडवी. पण वैशू हसली नाही. तिचा बाप पाण्यात उतरला, कमरेएवढं होतं. खांदा लावून नाव बाहेर ढकलली आणि निथळत वर चढला. वैशू शिडाची दोरी धरून नुसती बसून राहिली. तिच्या तोंडाकडं बघवेना. माझंही हसू आटलं.

किसननं विचारलं, "म्या हात लावला नसता, तर वळली असती?"

"व्हय."

"मंग दाखव."

फळी खाली सोडली आणि माझा पोरगा चक्क स्वतःच्या हातांवर बसला. नावेनं नाक फिरवलं, शीड सर्रकन आमच्या डोक्यांवरून पलीकडं गेलं, पुन्हा फुगलं, आणि किसन असा ओरडला की बगळे उडाले. "आणिक एकदा!" सात वेळा वळवायला लावली त्यानं.

काठाशी आल्यावर वैशू हळूच म्हणाली, "पण तुमी तर भिजलात, अप्पा."

"नावेनं भिजवलं का? माझ्या खोडीनं भिजवलं. तू जा."

घरी येऊन आता पंधरवडा झाला. अंगदुखी दोन दिवसांत गेली, रापलेल्या नाकाची सालं अजून निघतायत. पण पोराला चूक कबूल करताना बघायला मला या वयात धरणापर्यंत जावं लागलं, तर प्रवास महाग पडला नाही, असं मी म्हणेन.

वैशूला हिंगोलीच्या स्टँडवर सोडायला गेलो, तेव्हा किसननं खिडकीशी उभं राहून विचारलं, "तुमच्या तिथल्या मोठ्या यॉटची फळी कोण धरतंय गं?"

"कुणीच न्हाई. खाली शिशाचं वजन असतंय, पक्कं बसवलेलं. ते उचलताच येत न्हाई."

"बरं हाय," किसन म्हणाला. "म्हंजे कुणाचाबी बाप बसला तरी भ्या न्हाई."